घरचे मोजायचे नाहीत

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंगाचं भिजत घोंगडं आज अखेर माझ्या गळ्यात आलं. महिनाअखेर सांगायचं, ठेवायचं की काढून टाकायचं. ऑफिसातल्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्हीच जन्माला घातलंय, तुम्हीच ठरवा." मी म्हटलं, बाई, असलं काही आईला विचारतात का? त्या हसल्या, पण कागद माझ्यापुढेच ठेवून गेल्या.

भिंग म्हणजे काय ते लिहून ठेवते, दहा वर्षांनी ही वही उघडली तर मलाच आठवायचं नाही. आमचं सॉफ्टवेअर घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांसाठी आहे. कुठल्या घड्याळात कुठलं चाक, कुठली स्प्रिंग, कुठला स्क्रू, सगळ्याची चित्रं. माउसचा बाण चित्रावर असताना एक कळ दाबून धरली की बाणाभोवती गोल उमटतो आणि गोलापुरतं चित्र मोठं होतं. कळ सोडली की गोल जातो. झालं भिंग. अकरा वर्षांपूर्वी एका दुपारी, जेवणानंतर झोप येऊ नये म्हणून लिहिलं होतं. कुणी मागितलं नव्हतं.

पण चित्रं दाखवायची पद्धत दर दोन-चार महिन्यांनी बदलते आणि दर वेळी आधी भिंग मोडतं. गेल्या वर्षी त्याच्या डागडुजीत माझे नऊ दिवस गेले. साडेचार हजार दुकानं आमचं सॉफ्टवेअर वापरतात, त्यांतल्या चौदा जणांनी गेल्या महिन्यात भिंगाची कळ दाबली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

मन म्हणतं ठेव. म्हणूनच त्याच्यावर विश्वास नाही. आपला तो बाब्या असं व्हायला नको.

५ फेब्रुवारी, बुधवार

तिसऱ्या दिवशीही धुकं. सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत नव्हतीच, तिथे कुणाचा तरी पिवळा दिवा नुसता तरंगत होता. आमचं घर दुकानाच्या वर. खाली भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं टांगलेली असतात आणि प्रत्येक जण आपापली वेळ सांगतो. लाकडी जमिनीतून ते सगळं वर येतं. अशा धुक्यात पडून ऐकलं की वाटतं, आज कुठेच वेळेवर पोचायचं नाहीये.

घड्याळजींनी पावसाळा संपल्यावर आपलं कामाचं टेबल वर आणलं, खिडकीशी, कॉम्प्युटरच्या शेजारी. (वहीत नवऱ्याला घड्याळजी म्हणायची सवय लग्नाआधीपासूनची. तेव्हा वही आईच्या हाती लागायची भीती होती.) "खाली उजेड कमी पडतो," म्हणाला. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. तीस वर्षं हा माणूस दिवसभर खाली आणि मी ऑफिसात. आता निदान मी घरी येते तेव्हा तो खोलीत असतो.

पेपरही आता मीच वाचून दाखवते. "तुझ्या आवाजात बातम्या जरा बऱ्या वाटतात," म्हणतो. इतक्या वर्षांत माझ्या आवाजाचं पहिल्यांदा कौतुक झालंय, मी सोडते होय. रोज दोन पानं वाचते, हवामानासकट.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज भिंग बंद केलं. कायमचं नाही, फक्त चाचणीच्या आवृत्तीत. आमच्यात पद्धत अशी की नवीन आवृत्ती आधी आपण चाखायची, मग गिऱ्हाइकाला वाढायची. त्यामुळे ती आधी आम्हा सगळ्यांच्या घरच्या मशीनवर जाते आणि हौसेने पुढे आलेल्या पन्नासेक दुकानांत. तीन आठवडे कुणी ओरडलं नाही तर भिंग गेलं.

आमचा तपासनीस, ज्याला सगळं ऑफिस शंकासुर म्हणतं आणि तोही आता त्या नावाला ओ देतो, माझ्या मागे उभा राहून म्हणाला, "ताई, नक्की ना?" मी म्हटलं, तुला एकदा तरी कशाची तरी खात्री वाटू दे. एका ओळीचं काम होतं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचलंसुद्धा.

काही वाटलं नाही. थोडं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

समोरच्या शिंपीणबाईंनी काल रस्त्यात हात केला आणि घड्याळजी सरळ त्यांच्या अंगावरून पुढे गेला. मी कोपऱ्यावर गाठून झापलं. लोक म्हणतील, म्हातारपणी शिंगं फुटली. तो म्हणाला, "धुकं होतं." धुकं होतं हे खरं, पण बाई चार पावलांवर होत्या आणि लाल कोटात होत्या.

चहा ओततानाही हल्ली कपाच्या काठावर बोट ठेवतो. भाजेल एक दिवस. कुठून सवय लागली देव जाणे.

आज विचारत होता, "तुमच्या सॉफ्टवेअरात काही बदललं का?" मी म्हटलं, बारीकसारीक. तो "बरं" म्हणाला आणि खिडकीकडे तोंड करून बसला. शनिवारपासून गप्प आहे. विचारलं तर म्हणतो काही नाही. काही नाहीचा अर्थ काहीतरी आहे, पण त्याच्या मागे लागलं की तो आणखी आत जातो. होईल ठीक.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सूचनापेटीत भिंगाबद्दल पहिलं पत्र. सूचनापेटीत नाव लागत नाही, फक्त एक आकडा मिळतो आणि त्या आकड्यावर उत्तर जातं. लोकांनी मोकळेपणाने बोलावं म्हणून बाईंनी तसं ठेवलंय. पत्र असं:

"भिंग येत नाही. कळ दाबून धरली तरी येत नाही. माझं काही चुकतंय का."

प्रश्नचिन्ह नाही, नमस्कार नाही. मी उत्तर लिहिलं: "आपलं काहीही चुकलेलं नाही. चाचणीसाठी भिंग तात्पुरतं बंद ठेवलं आहे. तोवर चित्र मोठं करण्यासाठी पूर्ण पडदा मोठा करण्याची सोय वापरावी. आपल्याला झालेल्या तसदीबद्दल दिलगीर आहोत."

चांगलं जमलं. शंकासुर म्हणाला, "ताई, तुमची पत्रं सरकारी वाटतात." वाटू देत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याच माणसाचं दुसरं पत्र. उतरवून घेते, कारण इतक्या वर्षांत मला भिंगाबद्दल कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही:

"पडदा मोठा करून पाहिला. सगळंच मोठं होतं आणि बाजूचं बाहेर जातं. चाक दिसतं, पण चाक कुठे बसतं ते दिसत नाही. घड्याळात चाक एकटं नसतं. भिंगात चाकही दिसतं आणि त्याचे शेजारीही दिसतात. ज्याने केलं त्याला हे कळलं असणार."

ज्याने केलं तिला हे अजिबात कळलं नव्हतं. ती दुपारची झोप टाळत होती. पण दिवसभर पत्र डोक्यात फिरत राहिलं आणि दोन वेळा मी उगाच खिडकीशी जाऊन उभी राहिले.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुपारी डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. आमच्या घरावरून कुणीतरी कळ दाबून गोल फिरवतंय. गोल येतो तिथे सगळं मोठं होतं, टेबल, बशी, पायरीची कड, घड्याळजीचा अंगठा. मी त्या गोलात जायला धावतेय आणि गोल माझ्या अलीकडेच थांबतोय. जाग आली तेव्हा तो खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसला होता, पुढ्यात काम उघडं. रविवारी तो काम करत नाही, मग उघडलं कशाला? "नुसतंच बघत होतो," म्हणाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना घड्याळजीला ते चाकाचं पत्र वाचून दाखवलं. म्हटलं, तुझ्या धंद्यातला माणूस आहे, ऐक काय म्हणतो. तो घास हातात तसाच धरून ऐकत होता.

"बरोबर बोलतोय तो," म्हणाला.

"ते कळलं मला. पण एका माणसासाठी किती दिवस राबायचं?"

"तो कुठे म्हणतोय राब म्हणून."

"तुला लागतं का रे कधी भिंग?"

"मला?" म्हणाला आणि पाण्याचा पेला शोधायला लागला. पेला समोरच होता. "मला चाकं तोंडपाठ आहेत."

ते तर आहेच. म्हणून तर मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज वाईट झालं. शाळेच्या मुख्याध्यापिका मनगटी घड्याळ परत घेऊन आल्या. चारच दिवसांपूर्वी इथून नेलं होतं आणि दिवसाला वीस मिनिटं मागे पडतंय. घड्याळजीने उघडलं, बराच वेळ डोळ्याला काच लावून बसला, मग म्हणाला, "एका चाकाच्या जागी शेजारचं चाक बसलंय. माझी चूक." बाई भल्या. म्हणाल्या, होतं हो कधीकधी. पण त्याच्याकडून होत नाही. तीस वर्षांत झालं नव्हतं.

वर येऊन दार लोटून बसला. मी चहा नेला तर म्हणाला, "हात चुकला." मी थट्टा केली, म्हटलं साठी आली म्हणून हातालाही कळलं वाटतं. त्याला हसू आलं नाही आणि मलाही ते बोलून बरं वाटलं नाही. त्याचं नाव म्हणजे त्याचं काम आहे. या गल्लीत कुणाला त्याचं आडनाव माहीत नाही, पण कुठल्या दुकानात घड्याळ द्यायचं ते सगळ्यांना माहीत आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सूचनापेटीतल्या माणसाचं तिसरं पत्र. अक्षरं एकमेकांवर चढलेली, दोन-तीन ठिकाणी शब्दांत जागाच नाही. घाईत असावा.

"आता खरं कारण सांगतो. माझ्या नजरेतला मधला भाग पुसत चाललाय. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होतं, कडेचं राहतं. भिंगात वस्तू इतकी मोठी होते की कडेपर्यंत येते, मग सापडते. वर्षभर त्याच्यावर काम चाललं होतं. धंद्यात कळलं तर कुणी साधं गजराचं घड्याळसुद्धा देणार नाही. घरी बोललो नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून लिहितो आहे असं समजा."

वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. शंकासुराला दाखवलं. तो म्हणाला, "खरं असेल का, ताई?" मी इतकी रागावले की तो कॉफी आणायला गेला.

असा कुठल्या तरी गल्लीत एक माणूस बसलाय, त्याचं चाक नाहीसं होतंय, आणि ते मी एका ओळीने केलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्तर लिहिलं. सरकारी नाही. लिहिलं की भिंगाचा निर्णय माझ्याकडे आहे आणि मी त्यावर पुन्हा विचार करतेय, पण वचन देऊ शकत नाही, कारण नऊ दिवस नऊ दिवसच आहेत. मग लिहिलं: "माझा हा अधिकार नाही, तरी लिहिते. घरी सांगा. घरच्या माणसाला हे शेवटी कळलं तर त्याला काय वाटेल याचा विचार करा. माझ्यावर अशी वेळ आली तर मला फार लागेल." पाठवून टाकलं आणि मग घाबरले. बाईंनी वाचलं तर म्हणतील, सूचनापेटी आहे की सल्ला केंद्र.

घरी आले तर घड्याळजीने स्वतःहून सांगितलं की शिंपीणबाईंना भेटून माफी मागून आला. मी म्हटलं, एवढं काय त्यात. "तू म्हणालीस ना, चार पावलांवर होत्या," म्हणाला. त्याला ते इतकं लागलं असेल असं वाटलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

त्याचं उत्तर. एकच ओळ.

"सांगतोय. हळूहळू."

मला या माणसाला भेटायचंय. पन्नास दुकानांतलं कुठलं तरी एक असणार. आकड्यावरून दुकान सापडत नाही, ते बाईंनी मुद्दाम बंद केलंय. पण कळ कोणी किती वेळा दाबली ते मोजणीत असतं. रोज भिंग वापरणारा तिथे उठून दिसेलच. उद्या बघते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पन्नास दुकानांत एकानेही कळ दाबलेली नाही. ना जानेवारीत, ना त्याआधी. मी दोनदा बघितलं. म्हणजे हा माणूस मोजणीतच नाही.

मग मोजणी कशी चालते ते उघडून बसले. माझंच लिखाण, सात वर्षांपूर्वीचं. आम्ही तपासताना दिवसात शंभर वेळा कळा दाबतो, ते धरलं तर वाटायचं सगळं जग भिंग वापरतंय. म्हणून आमच्या ऑफिसातली आणि आमच्या घरांतली मशीनं वेगळी काढायची. त्या ओळीवर माझी टीप आहे: घरचे मोजायचे नाहीत.

वेगळी काढलेली यादी कुणी कधी बघत नाही. मी आज बघितली. एकोणीस मशीनं. अठरांपुढे शून्य, एक, दोन, असलंच काहीतरी.

एकोणिसावं माझ्या घरचं. जानेवारीत अकराशे सहा.

सहा तारखेला मी भिंग बंद केलं. सात तारखेला कळ एकसष्ट वेळा दाबली गेलीय. आठला बावीस वेळा. नऊला रविवार. दहाला चार. त्यानंतर नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

काल घरी गेले आणि काही बोलले नाही. पेपर वाचला. हवामानही वाचलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी भिंग चाचणीत परत चालू केलं आणि बाईंना सांगून जेवणाच्या सुट्टीत घरी आले. घड्याळजी खिडकीशी बसला होता. पुढ्यात काही उघडलेलं नव्हतं. पडद्यावर त्या मुख्याध्यापिकाबाईंच्या घड्याळाचं चित्र होतं.

मी शेजारी स्टूल ओढून बसले. म्हटलं, "कळ दाबून बघ."

त्याने दाबली. गोल आला. त्याने तो हळूहळू चाकावर नेला, मग चाकाच्या शेजाऱ्यांवर, आणि कळ धरूनच बसला. खाली घड्याळं चालली होती.

"कळलं तुला," तो म्हणाला.

"मोजणीत सापडलास."

"मोजणीत? पत्रांवरून नाही?"

"नाही."

"मला वाटलं, दुसऱ्याच पत्रात ओळखशील. चाक एकटं नसतं हे मी तुला लग्नाच्या आधीपासून सांगतोय."

ते खरं आहे. सांगत आलाय. मी ऐकत नव्हते, म्हणून ते वाक्य मला नवीन वाटलं. "म्हणजे उत्तरं मी लिहितेय हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच उत्तरात तसदी होती. तसदी आता तुझ्याशिवाय कोण लिहितं?"

मला राग आला. इतका, की स्टूलावरून उठले आणि खोलीत कुठे जावं ते कळेना. मी म्हटलं, "मी तुला स्पष्ट लिहिलं होतं, घरी सांगा म्हणून. मला लागेल असंसुद्धा लिहिलं होतं."

"घरीच तर सांगत होतो," तो म्हणाला.

मग मी रडले. तोही थोडा. म्हणाला, तोंडाने सांगायला तीन वेळा बसलो आणि तिन्ही वेळा तू काहीतरी गमतीचं सांगत होतीस. म्हणाला, गिऱ्हाइकांना कळायची भीती होतीच, पण तुला सांगितलं की ते खरं होणार, त्याची जास्त होती. मी त्याची चहाच्या बोटाबद्दल, शिंपीणबाईंबद्दल, साठीच्या थट्टेबद्दल माफी मागितली. "साठीची थट्टा वाईट नव्हती," म्हणाला, "वेळ वाईट होती."

ऑफिसला परत गेलेच नाही. आयुष्यात पहिल्यांदा कळवायचंही राहिलं.

४ मार्च, मंगळवार

काल मोठ्या बाईंपुढे सगळं ठेवलं. म्हटलं, हा निर्णय आता माझ्याकडे नको. आधी माझं मूल म्हणून नको होता, आता माझा नवरा म्हणून नको. काढा म्हणाले तर खोटं, ठेवा म्हणाले तर वशिला. बाईंनी कागद उचलून शंकासुराला दिला.

शंकासुराने काय करावं? त्या चौदा जणांना फोन लावले. काल आणि आज, एकेकाला, दार बंद करून. अकरा वर्षांत हे मला सुचलं नव्हतं. मी चौदा हा आकडा बघितला आणि आकड्याला कुणी फोन करत नाही.

आज दुपारी तो आमच्यापुढे बसला. म्हणाला, तिघांकडून कळ चुकून दाबली गेली होती, त्यांना भिंग आहे हेच माहीत नाही. उरलेले अकरा. अकराही जण पन्नाशी-साठीचे. "सुरुवातीला सगळे म्हणाले, सवय आहे म्हणून वापरतो. मी थोडा वेळ थांबलो. मग एकेक जण बोलायला लागला."

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

"डोळे," तो म्हणाला. "आणि अकराही जण शेवटी म्हणाले, कुणाला सांगू नका."

मग बाईंनी विचारलं, तुझा निर्णय काय. ज्या माणसाला चहात साखर आहे याचीही कधी खात्री नसते, तो म्हणाला, "ठेवायचं. आणि पडद्यावर त्याची खूण ठेवायची, म्हणजे ज्याला लागेल त्याला शोधत बसायला नको." नऊ दिवस आता त्याचे पाच आणि माझे चार. मी घरची मशीनं मोजणीत घ्यायचं कामही मागून घेतलं. बाई म्हणाल्या, आकडे फुगतील. मी म्हटलं, फुगू देत, मग आपण विचारू कोण ते.

८ मार्च, शनिवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे सकाळी दोन तास लागले. थेंब घातले, काचा बदलल्या, भिंतीवरचं वाचायला लावलं. मी मागच्या खुर्चीवर. त्यांनी विचारलं, केव्हापासून? मी मनात म्हटलं वर्ष. तो म्हणाला, "दीड."

त्यांनी लपवून काही ठेवलं नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, तो परत येणार नाही. औषधाने झीज मंदावेल. कडा शाबूत राहतील. आंधळे होणार नाही तुम्ही, म्हणाल्या, पण मनगटी घड्याळं सोडावी लागतील. भिंतीवरची, टेबलावरची करता येतील. तो मान हलवत होता. मग त्यांनी विचारलं, "आणि चेहरे?"

"चेहरे गेले," तो म्हणाला. "मागच्या पावसाळ्यातच."

इतक्या सहज म्हणाला. मी मागे बसले होते आणि मला त्या क्षणी आमच्या घरातली सगळी जेवणं आठवली, समोरासमोरची.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एक शिकवलं. जे बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही, जरा बाजूला बघायचं. मग ते कडेत येतं आणि दिसतं. डोळ्याला हे पटत नाही, सराव लागतो. रोज थोडा वेळ करा, म्हणाल्या, एखादी ओळखीची वस्तू घेऊन.

दुपारी त्याने दुकानाच्या दारावर लावायला पाटी लिहून घेतली, मनगटी घड्याळं घेतली जाणार नाहीत म्हणून. कारण लिहू का विचारलं. तो म्हणाला, "लिही. नजर कमी झाली आहे." मी मोठ्या अक्षरात लिहिलं.

मग म्हणाला, "समोर बस. सराव करायचाय." मी म्हटलं, वस्तू घ्या म्हणाल्या होत्या. "ओळखीची म्हणाल्या होत्या," तो म्हणाला.

मी खिडकीच्या उजेडात बसले. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या कानापलीकडे खिडकीच्या कडीकडे बघत होता. मध्येच डोळे चुकून माझ्यावर यायचे, तो हलकेच परत बाजूला न्यायचा. किती वेळ गेला सांगता येत नाही. मला असं कुणी बघितल्याची सवय राहिली नाही, हात कुठे ठेवावेत कळेना.

"केस रंगवायचे सोडलेस?" त्याने विचारलं.

"मागच्या थंडीत."

"सगळे पांढरे?"

"मागे थोडे काळे आहेत अजून."

"वळ," तो म्हणाला.

मी पाठ करून बसले. त्याने सावकाश बघितलं.